कॉलेजचे तास आणि वस्तीचे काम

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



रविवारचा अभ्यासवर्ग चालवणारी आम्ही मंडळी. आज आम्हाला "शिक्षण आणि समाजसेवा" हा विषय दिलेला आहे. या विषयावर दर जयंतीला एक तरी भाषण होतेच, आणि शेवटी समाजाचे ऋण फेडा असे सांगून वक्ता खाली बसतो. ते चुकीचे नाही. पण हे ऋण फेडायचे कधी, कुठे आणि कसे, हे कोणी सांगत नाही. म्हणून आज आम्ही तेवढ्याच तीन प्रश्नांवर बोलणार आहोत.

निमित्तही तसेच आहे. आमच्या वर्गात येणारी कॉलेजची मुलं हल्ली विचारतात, "सर, कॉलेजात समाजात जाऊन प्रोजेक्ट करायला सांगितलंय. कुठे करू? सही कुणाची घेऊ?" पहिला प्रश्न ऐकून बरे वाटते. दुसरा ऐकला की काळजी वाटते. कारण काम सुरू होण्याआधीच सहीची चौकशी सुरू झालेली असते.

हे प्रोजेक्ट काय आहे, ते आधी पालकांनी समजून घेतले पाहिजे. महाराष्ट्रात नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या वर्गांना लागू झाले. त्यात पुस्तकी विषयांबरोबर क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग अशी कामे घातलेली आहेत. त्यांचे श्रेयांक, म्हणजे मुलं ज्याला क्रेडिट म्हणतात ते, पदवीत मोजले जातात. अशा कामाचा १ श्रेयांक म्हणजे साधारण ३० तास. २ श्रेयांकांचा प्रकल्प असेल तर ६० तास. म्हणजे रविवारी दोन तास धरले तर तीस रविवार झाले. आपल्या वस्तीतली दहा मुलं कॉलेजात असतील तर ६०० तास झाले. हे ६०० तास कुठे जाणार, कुणाच्या कामी येणार, हा आजचा प्रश्न आहे.

ही कल्पना आजची नाही. स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने विद्यार्थ्यांनी स्वेच्छेने राष्ट्रसेवा करावी असे सुचवले होते. पुढे १९५९ मध्ये यासाठी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते डॉ. चिंतामणराव देशमुख, म्हणजे महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, देशाचे अर्थमंत्री राहिलेले सी. डी. देशमुख. त्यांच्या समितीने म्हटले, महाविद्यालयात जाण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याला नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा सक्तीची करावी. नंतर के. जी. सैय्यदैन यांनी वेगवेगळ्या देशांतल्या योजनांचा अभ्यास केला आणि त्यांचे मत पडले की सक्ती नको, सेवा स्वेच्छेचीच असावी. बराच खल होऊन २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांमध्ये राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तीच आपली एन.एस.एस. दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर, अशी तिची रचना. आपल्यापैकी अनेकांनी तो बिल्ला छातीवर लावलेला असेल. त्यावरचे चाक कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचे आहे. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, सेवेला सदैव तयार राहण्याची खूण. आपल्याला मात्र आठ आरे म्हटले की अष्टांगिक मार्ग आठवतो, आणि तेही काही वावगे नाही.

एन.एस.एस. ऐच्छिक होती. ज्याला वाटेल त्याने नाव घालावे. आता आलेले काम अभ्यासक्रमातच बसवलेले आहे. मग सक्तीने केलेल्या सेवेला सेवा म्हणायचे का? धम्माच्या दृष्टीने हा प्रश्न साधा नाही. तथागतांनी कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत सांगितले. दानाचे मोल देणाऱ्याच्या मनावर असते. आमचे म्हणणे असे की, तास सक्तीचे असले तरी काम निवडणे आपल्या हातात आहे. तेवढी मोकळीक पुष्कळ झाली. साठ तास असे ना तसे द्यायचेच आहेत, तर ते मनापासून द्यावेत आणि जिथे गरज आहे तिथे द्यावेत.

आता या शिकण्या-सेवेच्या नात्याचा धम्मातला दाखला पाहू. विनयपिटकात एक प्रसंग येतो. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी पडून आपल्याच घाणीत पडला होता. तथागत आनंदासह विहारातून फिरत असताना त्यांनी त्याला पाहिले आणि विचारले, तुझी शुश्रूषा करणारे कोणी नाही का? तो नाही म्हणाला. इतर भिक्खू का बघत नाहीत, असे विचारल्यावर तो म्हणाला की मी त्यांच्या काही उपयोगाला येत नाही, म्हणून ते माझ्याकडे बघत नाहीत. तेव्हा तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. तथागतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून त्याला खाटेवर निजवले. हे सारे झाल्यावर तथागतांनी भिक्खूसंघाला एकत्र केले आणि समजावले की इथे तुमची आई नाही, बाप नाही, तुम्ही एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार?

या प्रसंगातला क्रम ध्यानात घ्या. आधी पाणी आणले, मग उपदेश झाला. त्या भिक्खूंना धम्म ऐकून माहीत नव्हता असे नाही, रोजच ऐकत होते. पण शेजारच्या खोलीतला माणूस त्यांच्या अभ्यासात बसत नव्हता. आज कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या मुलांचेही तसे होऊ नये. समाजशास्त्रात गरिबीची कारणे पाठ, आणि शेजारच्या मावशीचे निराधार योजनेचे पैसे का थांबले ते माहीत नाही, असे होऊ नये.

बाबासाहेबांनी हे अभ्यास आणि समाज यांचे नाते किती घट्ट ठेवले ते आपण जाणता. परदेशातून अर्थशास्त्राच्या आणि कायद्याच्या पदव्या घेऊन आल्यावर २० जुलै १९२४ रोजी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेने पुढच्याच वर्षी सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकनंतरची भारत सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पुढे मिलिंद म्हणून नावारूपाला आलेले महाविद्यालय उभे केले. आणि तेच बाबासाहेब १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या वर्गाविषयी जाहीर खंत व्यक्त करून गेले. ती खंत आपण दरवर्षी ऐकतो आणि मान खाली घालतो.

पण बंधू-भगिनींनो, शिकलेला माणूस पाठ का फिरवतो याचाही विचार करायला हवा. तो वाईट असतो असे नाही. तो म्हणतो, पदवी होऊ दे, मग करू. पदवी झाली की म्हणतो, नोकरी लागू दे. मग मीरा रोडला वन रूम किचन होऊ दे, कर्जाचे हप्ते संपू देत, मुलांची शिक्षणं होऊ देत. तोपर्यंत वस्ती सुटलेली असते आणि सवयही सुटलेली असते. सेवेची सवय पन्नाशीत लागत नाही. ती अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लागली तर लागली. म्हणून कॉलेजच्या अभ्यासात आलेले हे साठ तास आम्हाला महत्त्वाचे वाटतात. ऋण फेडायचे कधी, याचे उत्तर त्यात आहे. शिकून झाल्यावर फेडू म्हणू नका. शिकत असतानाच फेडायला लागा.

आता कुठे आणि कसे, हे पाहू. याचे धडे मुंबईतच आहेत. १९२० च्या दशकात नागपाड्याच्या कामगार वस्तीत क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने नागपाडा नेबरहूड हाऊस हे केंद्र चालवले. पुढे १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने तिथेच समाजकार्य शिकवणारे भारतातले पहिले विद्यालय सुरू झाले आणि मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक झाले. तीच आज देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था. म्हणजे वस्तीतले काम आधी उभे राहिले आणि कॉलेज त्याच्यातून निघाले. तिथल्या समाजकार्याच्या विद्यार्थ्याला वर्गात बसण्याबरोबर ठरलेले दिवस वस्तीत, इस्पितळात, शाळेत जाऊन काम करावेच लागते आणि त्याची नोंद लिहून शिक्षकाला दाखवावी लागते. त्याशिवाय पदवी नाही.

याच संस्थेतून १९९६ मध्ये चाइल्डलाइन निघाली. जेरू बिलिमोरिया या तिथल्या प्राध्यापिका. रेल्वे स्टेशनांवर आणि रस्त्यावर राहणाऱ्या मुलांशी त्यांचा संबंध आला, आणि ध्यानात आले की रात्री-अपरात्री मार लागला, ताप आला, पोलिसाने धरले तर या मुलांना हाक मारायला कोणी नाही. त्यातून १०९८ हा फुकट लागणारा फोन क्रमांक सुरू झाला. संस्थेचा एक क्षेत्रकार्य प्रकल्प म्हणून मुंबईत सुरू झालेली ही सेवा देशभर पसरली. २०२३ पासून तिचा कारभार सरकारी यंत्रणेकडे गेला, पण क्रमांक तोच आहे. सांगायचे असे की, कॉलेजच्या अभ्यासातून निघालेले काम एवढे मोठे होऊ शकते. अट एकच, मुलांना काय हवे ते आधी मुलांना विचारले गेले पाहिजे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. आपल्यासारख्या वस्त्यांना सर्व्हे काही नवा नाही. कुठल्या तरी कॉलेजची मुलं येतात, घरात किती माणसं, उत्पन्न किती, संडास आहे का, विचारतात, फोटो काढतात आणि जातात. पुन्हा कोणी फिरकत नाही. लिहून नेलेल्याचे काय झाले ते कळत नाही. एकीने आम्हाला सरळ विचारले होते, "आमची नावं लिहून नेली, त्याचं पुढं काय केलं रे?" तिला द्यायला उत्तर नव्हते. आपली माणसे म्हणजे कुणाच्या परीक्षेचे साहित्य नव्हेत. दुसऱ्यांनी आपल्याशी असे वागू नये असे आपल्याला वाटते, तर आपल्या मुलांनीही दुसऱ्या वस्तीत जाऊन असे वागता कामा नये.

म्हणून आमचा प्रस्ताव असा की, आपल्या विहाराने तीन नियम ठरवावेत.

पहिला नियम, काम वस्तीने सांगावे. जून-जुलैत कॉलेजे सुरू होतात. वर्षावासात आपण विहारात जमतोच. तेव्हाच एका रविवारी बसून वस्तीला कोणती मदत हवी त्याची यादी करावी. यादी करताना आयाबायांना आधी बोलू द्यावे.

दुसरा नियम, काम मुलाच्या अभ्यासाला जोडलेले असावे. सगळ्यांच्या हातात झाडू देऊन फोटो काढला म्हणजे सेवा झाली असे नाही. विहार झाडणे हे आपले रोजचे कर्तव्यच आहे, त्याला क्रेडिट कशाला? ज्याला जे येते, त्याने ते द्यावे.

उदाहरण देतो. बी.कॉम.च्या मुलीने महिला बचत गटाची वही तपासावी. समजा एका बाईने १२,००० रुपये कर्ज काढले. सांगताना सांगितले, वर्षाला फक्त १२ टक्के. व्याज झाले १,४४०. एकूण १३,४४० रुपये, बारा हप्त्यांत, महिना १,१२०. ऐकायला स्वस्त वाटते. पण ती बाई दर महिन्याला मुद्दलातले १,००० परत करते आहे. वर्षभर १२,००० तिच्या हातात नसतातच. पहिल्या महिन्यात १२,०००, दुसऱ्यात ११,०००, असे शेवटच्या महिन्यात १,०००. सरासरी काढली तर ६,५०० रुपये होते. साडेसहा हजारांवर १,४४० व्याज म्हणजे एकवीस-बावीस टक्क्यांच्या घरात गेले की नाही? हेच गणित पुस्तकात असते, पण परीक्षेपुरते. बचत गटाच्या वहीत ते एकदा मांडले की मुलीला आयुष्यभर विसरायचे नाही, आणि वस्तीतल्या बायका पुढच्या वेळी सही करण्याआधी "व्याज सरळ लावलंय की उरलेल्या मुद्दलावर?" असे विचारतील. दोघींचा फायदा झाला. सेवा आणि अभ्यास एकत्र येणे म्हणजे हे.

संगणक शिकणाऱ्या मुलाने महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला मदत करावी. वर सांगितलेली १९४४ ची शिष्यवृत्ती आज याच मार्गाने मिळते आणि तिला पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा आहे. उत्पन्नाचा दाखला वेळेत काढला नाही, बँकेचे खाते आधारला जोडलेले नाही, अर्ज परत आला आणि पाहिलाच नाही, अशा कारणांनी मुलांचे हक्काचे पैसे अडकतात. फी भरायला पैसे नाहीत म्हणून एखादी मुलगी बारावीनंतर घरी बसते. बाबासाहेबांच्या काळात मिळालेला हक्क आपण एका दाखल्यापायी घालवायचा का? समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने दहावी-बारावीनंतर कोणकोणत्या घरातली मुलं शिक्षणातून गळली आणि का, याची नोंद ठेवावी. विधी शाखेच्या विद्यार्थ्याने माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा ते दाखवावे. हा कायदा २००५ पासून आहे, पण अर्ज लिहिणारे किती?

विज्ञान शाखेच्या मुलांना तर डोंगरीत काम शोधायला लांब जायला नको. उत्तनच्या धावगी डोंगरावर महापालिकेचा घनकचरा प्रकल्प आहे. तिथे कचऱ्याला आग लागली की धूर आपल्या गावांवर येतो, हे कोणाला सांगायला नको. आग का लागते? ओला कचरा दबून कुजला की त्यातून मिथेन वायू तयार होतो, आणि तो पेट घेतो. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा केला तर डोंगरावर जाणारा कुजणारा भाग कमी होतो. आपल्या पन्नास घरांत आठवडाभर ओला किती आणि सुका किती, हे वजनकाट्यावर मोजून तक्ता केला तर तो रसायनशास्त्राचा प्रकल्प झाला, आणि महापालिकेपुढे ठेवायला हातात आकडे आले. हे काम फक्त बौद्ध वस्तीचे नाही. इथले ख्रिस्ती, कोळी, आगरी शेजारी तोच धूर घेतात. त्यांच्या मुलांनाही बरोबर घ्यावे. मैत्री भावना म्हणायची ती अशा कामातून.

तिसरा नियम, हिशेब विहारात द्यावा. जे मोजले, जे लिहिले, ते कॉलेजात देण्याआधी एका पौर्णिमेला इथे सर्वांसमोर साध्या मराठीत वाचून दाखवावे. ज्यांची माहिती घेतली त्यांनी चूक असेल तिथे चूक म्हणावे. घरांची नावे कागदावर घालू नयेत, कुणाची गरिबी चव्हाट्यावर आणू नये. आणि सहीचे म्हणाल तर, आम्ही अशी विनंती करतो की वाचून दाखवल्याशिवाय विहाराच्या कोणीही कुणाच्या तासांवर सही करू नये. मग तो अध्यक्षांचा मुलगा असो की आमचा.

दोन शब्द पालकांसाठी. आमची अनेक मुलं सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर काम करतात. डोंगरीहून बसने भाईंदर, तिथून गर्दीच्या लोकलने पुढे. अशा मुलाला कॉलेजने दूरच्या गावात साठ तास घालायला सांगितले तर त्याची एक तर नोकरी जाते नाहीतर तो खोटे तास लिहितो. त्याला खोटे लिहायला लावू नका. विहाराने कॉलेजला पत्र द्यावे की आमच्या वस्तीत असे असे काम आहे, ते अमुक विद्यार्थी रविवारी करील आणि आम्ही त्याकडे लक्ष देऊ. मान्य करायचे की नाही हे कॉलेज ठरवील, पण विचारायला आपले काय जाते? आणि मुलींच्या आयांना हात जोडून सांगणे आहे, सात दिवसांच्या शिबिराला पोरीला पाठवा. शिक्षिका कोण आहेत, मुक्काम कुठे आहे, याची पुरती चौकशी करा, अवश्य करा. पण चौकशी करून पाठवा. सावित्रीमाई घराबाहेर पडल्या म्हणून आज आपली मुलगी कॉलेजात आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला शेवटचे सांगतो. तुम्हाला काही मोठे करून दाखवायचे दडपण नको. एका आजीचा बंद पडलेला पगार सुरू झाला, एका मुलाचा अर्ज वेळेत गेला, एका गटाची वही बरोबर झाली, तर साठ तास कारणी लागले. मात्र जे हातात घ्याल ते पुरे करा. अर्ध्यावर सोडलेल्या कामाने वस्तीचा शिकलेल्या माणसावरचा भरवसा जातो, आणि तो परत मिळवायला फार वर्षे लागतात.

यादी करण्यासाठी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता विहारात बसायचे आहे. कॉलेजात असलेल्या प्रत्येकाने आपला विषय, वर्ष आणि मोकळा वेळ एका कागदावर लिहून आणावा. आयाबायांनी आपल्या अडचणी आणाव्यात. वही-पेन आम्ही आणतो.



नमो बुद्धाय! जयभीम!